सबॉर्डिनेट क्लॉज ओळखायचा कसा? मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. म्हणून माझ्या शिकवणीत सबॉर्डिनेट क्लॉजची, म्हणजे मुख्य वाक्याच्या आधारानं उभ्या असलेल्या गौण वाक्याची, सुरुवात मी पंचगंगेच्या पाण्यावरूनच करते. पहिल्या दिवशी फळ्यावर तीन वाक्यं लिहिते.

"नोबडी नोज व्हेन द वॉटर विल गो डाउन."

"एव्हरीवन रिमेंबर्स द इयर व्हेन द वॉटर एंटर्ड द सिटी."

"व्हेन द वॉटर गोज डाउन, द हायवे विल ओपन."

मग विचारते, यातले क्लॉज कोणत्या प्रकारचे? दरवर्षी जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, बाई! व्हेन आलंय की." खरं तर अ‍ॅडव्हर्ब क्लॉज फक्त तिसरा आहे. पहिला नाउन क्लॉज आहे आणि दुसरा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज.

मुलं चुकतात, कारण त्यांच्याकडून जोडशब्दांची यादी पाठ करून घेतलेली असते. व्हेन दिसला की अ‍ॅडव्हर्ब, हू दिसला की अ‍ॅडजेक्टिव्ह, दॅट दिसला की नाउन. मीही शाळेत असंच शिकले आणि कॉलेजात जाईपर्यंत चुकत राहिले. यादीचा उपयोग नाही असं नाही, पण जोडशब्द हा क्लॉजचा नुसता अंगरखा आहे. तालमीत पोरगा उतरला की वस्ताद त्याचा लंगोट बघत नाहीत, त्याचा डाव बघतात. क्लॉजचंही तसंच करायचं. तो वाक्यात कोणतं काम करतोय ते बघायचं.

वरच्या तीन वाक्यांना प्रश्न विचारून बघा. कुणालाच माहीत नाही, काय माहीत नाही? पाणी कधी उतरेल ते. "काय"चं उत्तर नाम देतं, म्हणून तो नाउन क्लॉज, आपल्या व्याकरणातलं नामवाक्य. सगळ्यांना वर्ष आठवतं, कोणतं वर्ष? पाणी शहरात शिरलं ते. "कोणतं"चं उत्तर विशेषण देतं, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे विशेषणवाक्य. हायवे सुरू होईल, कधी? पाणी उतरल्यावर. "कधी"चं उत्तर क्रियाविशेषण देतं, म्हणून अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, क्रियाविशेषणवाक्य.

ओळखायची पद्धत एवढीच आहे. पुढचं सगळं ती हातात बसावी म्हणून.

पहिली पायरी: क्रियापदं मोजा

क्लॉज म्हटला की त्यात कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असायलाच हवं. तेव्हा वाक्य हातात आलं की आधी पेन्सिलीनं क्रियापदांखाली रेघा मारा. "आफ्टर द रेन, वी वेंट टू रंकाळा." इथं क्रियापद एकच, वेंट. "आफ्टर द रेन" हा नुसता शब्दसमूह आहे, क्लॉज नाही. आता "आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी वेंट टू रंकाळा." इथं स्टॉप्ड आणि वेंट अशी दोन क्रियापदं आहेत, म्हणजे दोन क्लॉज झाले. आफ्टर दोन्हीकडे आहे, पण क्लॉज दुसरीकडेच आहे.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. "हॅज बीन वेटिंग" असा लांब गट आला तरी तो एकच धरायचा. "शी वाँट्स टू गो" मधलं "टू गो" मोजायचं नाही, कारण त्याला स्वतःचा काळ नाही. "स्टँडिंग ऑन द ब्रिज, वी वॉच्ड द रिव्हर" यातलं "स्टँडिंग" पण मोजायचं नाही. ते आपल्या "उभं राहून"सारखं आहे, त्याच्यावर वाक्य संपत नाही.

क्रियापद एकच निघालं तर ते केवल वाक्य. तिथं सबॉर्डिनेट क्लॉज शोधत बसू नका. परीक्षेत हे आधी न बघता मुलं दहा-दहा मिनिटं घालवतात.

दुसरी पायरी: क्लॉज काढून बघा

दोन किंवा जास्त क्रियापदं सापडली की मधला जोडशब्द बघायचा. अँड, बट, ऑर यांनी जोडलेली दोन्ही वाक्यं बरोबरीची असतात. ते संयुक्त वाक्य, त्यात गौण कुणी नसतं. "आय वेंट टू बिंदू चौक अँड माय सिस्टर स्टेड होम." दोघी आपापल्या पायावर उभ्या आहेत. पण "बिकॉज माय सिस्टर वॉज इल" एवढंच कुणी म्हणालं आणि गप्प बसलं, तर आपण विचारणारच, "मग? पुढं काय?" ऐकणाऱ्याला असं लटकत ठेवणारा क्लॉज म्हणजे सबॉर्डिनेट.

असा क्लॉज सापडला की तो बोटानं झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. ही चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. वाक्यात खड्डा पडला तर बहुतेक करून तो नाउन क्लॉज असतो. "व्हॉट शी कुक्ड वॉज पांढरा रस्सा." पहिले तीन शब्द झाकले तर उरतं "वॉज पांढरा रस्सा." कर्ताच गेला. "नोबडी नोज" नंतरचं झाकलं तर कर्म गेलं. वाक्य पूर्ण उरलं, पण एखाद्या नामाबद्दल "कोणतं बरं?" असं वाटायला लागलं, तर अ‍ॅडजेक्टिव्ह. आणि वाक्य धडधाकट उरलं, फक्त कधी-कुठं-का-कसं एवढंच हरवलं, तर अ‍ॅडव्हर्ब. दोन-तीन ठिकाणी ही चाचणी फसते, ती ठिकाणं पुढं येतीलच.

नाउन क्लॉज

याची पक्की खूण म्हणजे सगळा क्लॉज उचलून त्याच्या जागी "समथिंग" ठेवला तरी वाक्य चालतं. "नोबडी नोज समथिंग" ऐकायला विचित्र वाटेल, पण वाक्याची बांधणी टिकते. "समथिंग वॉज पांढरा रस्सा" ही टिकते. "समथिंग, द हायवे विल ओपन" मात्र टिकत नाही.

नाम जिथं जिथं बसतं तिथं तिथं नाउन क्लॉज बसतो. कर्त्याच्या जागी बसलेला आत्ताच पाहिला. कर्माच्या जागी तर तो सारखा भेटतो: "माय ग्रँडमदर सेज दॅट द वॉटर केम अप टू द डोअर." टू बीच्या रूपानंतर येतो: "द ट्रबल इज दॅट वी हॅव नो बोट." शब्दयोगी अव्ययासारख्या छोट्या शब्दानंतरही येतो: "लिसन टू व्हॉट द ओल्ड मॅन सेज." आणि एक जागा अशी आहे की तिथं नवखा माणूस हमखास गोंधळतो. "इट इज ट्रू दॅट शाहू महाराज मेड प्रायमरी एज्युकेशन फ्री इन 1917." इथं इट हा नुसता जागा धरून बसलेला आहे, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसा. खरा कर्ता मागून येतो, "दॅट शाहू महाराज..." हा सगळा क्लॉज. तो झाकला तर "इट इज ट्रू" उरतं आणि खड्डा दिसत नाही. पण खरं काय आहे, असं विचारलं की उत्तर क्लॉजच देतो. म्हणून नाउन.

दॅट पुष्कळदा गाळलेलाही असतो. "आय थिंक ही इज अ‍ॅट खासबाग." जोडशब्द दिसत नाही म्हणून क्लॉज नाही असं समजू नका. थिंक आणि इज, क्रियापदं दोन आहेत. पहिली पायरी इथं उपयोगी पडते.

आता आपल्या "की"बद्दल बोलायला हवं, कारण कोल्हापूरकरांना तो जास्त नडतो. शाळेत सांगतात, की म्हणजे दॅट. पण आपण दिवसभरात किती की वापरतो! "ये की." "बस की." "खा की अजून एक भाकरी." हा की जोर देणारा आहे. त्याच्यापुढं वाक्य नाही, त्यामुळं क्लॉजही नाही. "मला म्हाईत हाय की!" याचं इंग्रजी करताना शेवटी दॅट लावणारी मुलं मी पाहिली आहेत. की नंतर दुसरं क्रियापद येत असेल तरच तो जोडणारा की. आणि जोडणारा की सुद्धा एकाच कामाचा नाही. "तो म्हणाला की मी येतो" यातला नामवाक्य आणतो. "त्यानं इतकी तालीम केली की तो जिंकला" यातला परिणाम सांगतो, म्हणजे क्रियाविशेषणवाक्य आणतो. "म्हणून"चंही असंच. "तो येणार म्हणून कळलं" इथं काय कळलं ते सांगतो, "पाऊस आला म्हणून शाळा सुटली" इथं शाळा का सुटली ते. म्हणजे एक शब्द, दोन कामं, ही भानगड इंग्रजीनं नव्यानं आणलेली नाही. मराठीत आपण ती न शिकवता सांभाळतो, कारण आपण अर्थ धरून चालतो.

इफचं एक सांगते. "आस्क हिम इफ द बस हॅज लेफ्ट." हा इफ म्हणजे जर नव्हे. बस गेली की नाही, असा त्याचा अर्थ. त्याच्या जागी व्हेदर बसतो, आणि व्हेदर बसला की तो नाउन क्लॉज. "इफ द बस हॅज लेफ्ट, वी विल वॉक." इथं व्हेदर ठेवून बघा, अर्थ मोडतो. हा जर-तर मधला जर, म्हणून अ‍ॅडव्हर्ब क्लॉज.

नाउन क्लॉज ओळखता आला तर लिहिण्यातली एक मोठी चूक सुटते. मराठीत "तो कुठं आहे?" आणि "तो कुठं आहे मला माहीत नाही" यांत शब्दांचा क्रम बदलत नाही. त्यामुळं मुलं "व्हेअर इज ही?" हा प्रश्न जसाच्या तसा उचलतात आणि "आय डोन्ट नो व्हेअर इज ही" लिहितात. नाउन क्लॉजमध्ये प्रश्नाचा क्रम चालत नाही. कर्ता आधी, क्रियापद नंतर: "आय डोन्ट नो व्हेअर ही इज."

अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज

हा क्लॉज नामाला चिकटून, त्याच्या मागोमाग बसतो. ओळखताना त्याच्या लगेच आधीचं नाम बघायचं आणि "कोणता?" विचारायचं. "द मॅन हू सेल्स जॅगरी नोज माय फादर." कोणता माणूस? गूळ विकणारा.

आता "गूळ विकणारा" हे मराठी नीट बघा. त्यात जो नाही, तो नाही, दुसरं पूर्ण क्रियापदही नाही. "जो माणूस गूळ विकतो तो" असं व्याकरणाच्या पुस्तकात असतं, बोलताना आपण विकणारा म्हणून मोकळे होतो. रंकाळ्यावर बसलेली माणसं, बिंदू चौकात राहणारी मैत्रीण, मी घेतलेली चप्पल. इंग्रजी अशा ठिकाणी पुष्कळदा पूर्ण क्लॉज उलगडून ठेवतं: "माय फ्रेंड हू लिव्ज इन बिंदू चौक", "द चप्पल्स दॅट आय बॉट". मराठी माध्यमातल्या मुलाला अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज परका वाटतो तो एवढ्यासाठीच. आपल्याकडं तो -णारा आणि -लेला या प्रत्ययांत घडी घालून ठेवलेला असतो. म्हणून मी उलटी चाचणी शिकवते. इंग्रजी वाक्य वाचून मनातल्या मनात साध्या मराठीत सांगा. क्लॉजच्या जागी -णारा, -णारी, -लेला, -लेली असं काही नामाच्या आधी आलं, तर तो अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. माझ्या अनुभवात ही खूण हू-विचच्या यादीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

यात जोडशब्द गाळला की सापडणं अवघड जातं. "द चप्पल्स आय बॉट आर टू टाइट." बॉट आणि आर, क्रियापदं दोन, जोडशब्द एकही नाही. खूण अशी की "द चप्पल्स" या नामाला खेटून, मध्ये स्वल्पविराम नसताना, दुसरा कर्ता "आय" उभा आहे. दोन नामं किंवा नाम आणि सर्वनाम असं अंगाला अंग लावून उभं दिसलं की मध्ये दॅट घालून वाचा. वाक्य जुळलं, तर क्लॉज सापडला.

स्वल्पविरामाकडं दुर्लक्ष करू नका, त्यानं अर्थ बदलतो. "माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे इज अ डॉक्टर" म्हणजे मला भाऊ बरेच आहेत, त्यांतला पुण्याचा डॉक्टर. "माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे, इज अ डॉक्टर" म्हणजे भाऊ एकच, पुण्यात राहतो हे जाता जाता सांगितलं. तसंच "द कोल्हापुरी चप्पल, विच गॉट अ जीआय टॅग इन 2019, इज मेड इन कर्नाटक टू." इथं स्वल्पविराम हवेतच, कारण कोणती कोल्हापुरी, हा प्रश्नच नाही. ते जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. स्वल्पविरामातला क्लॉज "कोणता?"चं उत्तर देत नाही, नामाबद्दल जास्तीची माहिती देतो. तरी विशेषणासारखा तो नामाबद्दलच बोलतो, म्हणून प्रकार अ‍ॅडजेक्टिव्हच.

दॅटची गाठ

सगळ्यांत चिवट गाठ ही आहे, आणि पहिल्या दिवशी ती सुटली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी क्षणात गावभर होते. त्यावरची ही दोन वाक्यं.

"द न्यूज दॅट द गेट्स हॅड ओपन्ड स्प्रेड फास्ट."

"द न्यूज दॅट वी हर्ड लास्ट नाइट वॉज ट्रू."

दोन्हीकडे "द न्यूज", दोन्हीकडे त्याला चिकटलेला दॅट. झाकून बघायची चाचणी इथं फसते, कारण क्लॉज काढला तरी दोन्ही वाक्यं उभी राहतात. मग क्लॉजच्या आत डोकवा. पहिल्यात दॅट सोडून उरतं "द गेट्स हॅड ओपन्ड", दरवाजे उघडले होते. पूर्ण वाक्य, काही कमी नाही. दुसऱ्यात उरतं "वी हर्ड लास्ट नाइट", काल रात्री आम्ही ऐकलं. काय ऐकलं? कर्म गायब आहे, कारण दॅट स्वतःच ते कर्म होऊन बसलाय. आतलं वाक्य पूर्ण असेल तर दॅट नुसता जोडतो, आणि तो क्लॉज म्हणजेच ती बातमी, म्हणून नाउन क्लॉज. आतलं वाक्य अपुरं असेल तर दॅट नामाच्या बदली आलाय, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. पडताळा हवा असेल तर दॅटच्या जागी विच ठेवा. "द न्यूज विच वी हर्ड" चालतं, "द न्यूज विच द गेट्स हॅड ओपन्ड" चालत नाही.

मराठी इथंही वाट दाखवते. "दरवाजे उघडल्याची बातमी" आणि "आम्ही ऐकलेली बातमी". -ल्याची आलं तर नाउन, -लेली आलं तर अ‍ॅडजेक्टिव्ह. न्यूजसारखेच फॅक्ट, आयडिया, होप, रूमर हे शब्दही असे दोन्ही क्लॉज घेतात.

अ‍ॅडव्हर्ब क्लॉज

याचे पोटप्रकार पुस्तकात नऊ-दहा दिलेले असतात आणि मुलं ते बघूनच घाबरतात. खरं तर प्रत्येकाला एक मराठी प्रश्न आहे. कधी? तर व्हेन, बिफोर, आफ्टर, अन्टिल. कुठं? तर व्हेअर. का? तर बिकॉज, सिन्स, अ‍ॅज. कशासाठी? तर सो दॅट. कोणत्या अटीवर? तर इफ, अनलेस. काय असूनही? तर दो, ऑल्दो. कसं? तर अ‍ॅज, अ‍ॅज इफ. कुणाच्या मानानं? तर दॅन. परिणाम काय झाला? तर सो आणि दॅट मध्ये अंतर ठेवून. क्लॉजला प्रश्न विचारा, नाव आपोआप मिळतं.

सिन्स आणि अ‍ॅज मात्र सावधपणे बघा. "सिन्स शी लेफ्ट कोल्हापूर, शी हॅज नॉट ईटन गुड मिसळ." कोल्हापूर सोडल्यापासून, म्हणजे काळ. "सिन्स यू आर गोइंग टू पन्हाळा, टेक अ स्वेटर." तू जातोयसच तर, म्हणजे कारण. सो दॅटचंही तसंच: "ही ट्रेन्ड हार्ड सो दॅट ही कुड विन" हा हेतू, कुस्ती अजून व्हायची आहे. "ही ट्रेन्ड सो हार्ड दॅट ही वन" हा परिणाम, कुस्ती निकाली निघाली. दॅनच्या क्लॉजमध्ये क्रियापद बहुतेक वेळा लपलेलं असतं. "शी रन्स फास्टर दॅन आय" याच्या शेवटी डू आहे असं धरायचं.

पोटप्रकारांपेक्षा जास्त वेळ मी पुढच्या तीन चुकांवर घालवते, कारण त्या आपल्या मराठीतून येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पहिली, जोडीचे शब्द. जरी आला की आपल्याला तरी हवाच असतो. म्हणून मुलं लिहितात, "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट." इंग्रजीत जोडीतला एकच पुरतो. ऑल्दो ठेवला तर बट काढा. दोन्ही ठेवले तर वाक्यात मुख्य कोण, गौण कोण, तेच कळेनासं होतं. "बिकॉज"पुढं "सो" लावणं ही याच चुकीची बहीण.

दुसरी, जोपर्यंत. "जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांबा" यातला नाही मराठीत शोभतो. इंग्रजीत "वेट अन्टिल ही डझ नॉट कम" म्हटलं तर अर्थाचा विचका होतो. "वेट अन्टिल ही कम्स" एवढंच पुरे. अनलेसच्या पोटातही नकार आधीच आहे, त्याला वरून नॉट लावू नका.

तिसरी चूक भविष्यकाळाची, आणि प्रकार ओळखण्याची खरी कमाई मला इथं दिसते. "तू पन्हाळ्यावर पोहोचशील तेव्हा फोन कर." मराठीत पोहोचशील, भविष्यकाळ. म्हणून मुलं लिहितात "व्हेन यू विल रीच पन्हाळा, कॉल मी." काळ आणि अट सांगणाऱ्या अ‍ॅडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्याबद्दल बोलतानाही विल येत नाही. "व्हेन यू रीच पन्हाळा, कॉल मी." पण "आय डोन्ट नो व्हेन ही विल रीच" हे अगदी बरोबर आहे, कारण तो नाउन क्लॉज. व्हेन तोच, रीचही तोच, पण एकीकडे विल चालतो, दुसरीकडे नाही. "व्हेननंतर विल नको" असा नियम ऐकलेली मुलं या दुसऱ्या वाक्यातला विलही खोडतात. क्लॉजचं काम ओळखणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. आता पाण्याची ती पहिली तीन वाक्यं पुन्हा वाचा. पहिल्यात विल आहे, तिसऱ्यातल्या क्लॉजमध्ये नाही. मी ते मुद्दाम लिहिलेलं असतं.

क्लॉजच्या पोटात क्लॉज

"आय नो दॅट द बॉय हू केम येस्टर्डे इज अ रेसलर." क्रियापदं तीन: नो, केम, इज. इथं आतून बाहेर या. "हू केम येस्टर्डे" हा बॉयला चिकटलेला, अ‍ॅडजेक्टिव्ह. मग "दॅट"पासून "रेसलर"पर्यंतचा सगळा भाग नोचं कर्म, नाउन. परीक्षेत अधोरेखित शब्द कुठं संपतात ते बोट ठेवून बघा. रेघ हूपासून सुरू होते की दॅटपासून, यावर उत्तर बदलतं.

हात बसवायला

खालची वाक्यं आधी स्वतः सोडवा, मग पुढचं वाचा.

"द टीचर आस्क्ड मी व्हाय आय वॉज लेट." "द रीझन व्हाय आय वॉज लेट वॉज द फ्लड." "टेल मी व्हेअर यू पार्क्ड द स्कूटर." "पार्क द स्कूटर व्हेअर यू पार्क्ड इट येस्टर्डे." "अ‍ॅज द ब्रिज वॉज क्लोज्ड, वी टुक द अदर रोड." आणि शेवटचं, जरा मोठं, अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचं: "एव्हरीवन हू हॅज सीन द किरणोत्सव सेज दॅट यू फर्गेट द क्राउड व्हेन द लाइट टचेस द आयडल."

पहिल्यात काय विचारलं? उशीर का झाला ते. नाउन. दुसऱ्यात तोच व्हाय, पण रीझनला चिकटलेला, कोणतं कारण? अ‍ॅडजेक्टिव्ह. तिसऱ्यात काय सांग? स्कूटर कुठं लावली ते, नाउन. चौथ्यात स्कूटर लाव, कुठं? काल लावली होतीस तिथं. अ‍ॅडव्हर्ब, स्थळाचा. पाचव्यात दुसरा रस्ता का धरला? पूल बंद होता म्हणून. अ‍ॅडव्हर्ब, कारणाचा.

सहाव्यात क्रियापदं चार: हॅज सीन, सेज, फर्गेट, टचेस. मुख्य क्रियापद सेज, त्याचा कर्ता एव्हरीवन. "हू हॅज सीन द किरणोत्सव" हा एव्हरीवनला चिकटलेला, किरणोत्सव पाहिलेला प्रत्येकजण, -लेला आलं, म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह. काय म्हणतो? "दॅट"पासून शेवटपर्यंतचं सगळं, नाउन. आणि त्याच्या पोटात "व्हेन द लाइट टचेस द आयडल", कधी? किरणं मूर्तीला स्पर्श करतात तेव्हा, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. पण हा "कधी" सेजला विचारू नका. मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात तेव्हा माणूस बोलत नसतो, गर्दी विसरतो. तो क्लॉज फर्गेटचा आहे.